दोऱ्याचं वजन

वितेर्बोत मी कॉर्सेट शिवायची,
सान पेल्लेग्रिनोच्या उतारावर, एका खिडकीच्या खोलीत.
नोटरीच्या बायकोची कंबर मला तोंडपाठ होती,
आणि तिनं श्वास कुठून चोरून घ्यायचा
तेही मीच ठरवलेलं.

मग फौजेचं पत्र आलं:
शिवणारे हात हवेत. रोज दोन लिरा.
कापडाला रबर चढवलंय, वास येईल.

वास आला.
ब्राच्चानोच्या तळ्याकाठी, आमचं चर्च
मनोऱ्यासकट आडवं मावेल अशा छपराखाली
आम्ही चौदा जणी एकच पोट शिवत होतो.
साठ मीटर. दुहेरी शिवण, शिवणीवर पट्टी,
पट्टीखाली चिकट द्रावण, जे जेवतानाही बोटांवर.
नेमेसिया म्हणायची, राक्षसाच्या पोराचं टोपडं गं हे,
बारशाला बोलावतील का आपल्याला?

कप्तान मान्फ्रिनी वाद घालायचा,
समोर कुणी नसलं तर स्वतःशी.
मागल्या वर्षीचं विमान नुसतंच मऊ होतं;
वारा समोरून आला नि नाक आत गेलं,
कवळी काढलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं.
उत्तरेकडे म्हणे सबंध सांगाडाच बांधतात, नखशिखांत धातूचा.
तो वाकत नाही. मोडतो.
"मला मधलं काहीतरी हवंय," तो म्हणाला,
"आणि मधलं कुठल्याच पुस्तकात नाही."

माझ्या पेटीत एक जुनं कॉर्सेट होतं.
ते त्याच्या नकाशांवर ठेवलं. वाकवून दाखवलं.
साहेब, देवमाशाचं हाड सगळीकडे घालत नाहीत.
जिथं भार, तिथं हाड.
बाकीचं कापड आपलं आपण बघतं,
आत श्वास असला म्हणजे.
आणि अखंड हाड तर कधीच नाही,
बाई बसली की टोचतं.

त्यानं ऐकलं का, कोण जाणे.
मापं घेणाऱ्याचा चेहरा कोराच असतो, मला माहीत आहे.
माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही;
आराखडा आधीच खणात असेल.
पण महिन्याभरात जाचिन्तो लोहार
पोलादी नळ्यांचे त्रिकोण जोडू लागला,
प्रत्येक सांध्याला बिजागरी,
नाकापासून शेपटापर्यंत एक कणा,
तोही पाठीला नाही, पोटाला.
त्याच्यावर यंत्र, पेट्रोल, माणसं, वाळूच्या पिशव्या:
भार असा वाटून दिलेला की कापडाला वाटावं
आपल्या अंगावर कुणी आलंच नाही.

गॅसआधी साधी हवा भरून पारख झाली.
बूट काढून, मोज्यांवर, आम्ही आत शिरलो.
बाहेर पोरं कंदील घेऊन फिरत होती
आणि अंधारात जागोजाग टिंबं उजळत होती.
कुणी तारे म्हणेल.
मी नाही म्हणणार; ती भोकं होती.
एकतीस निघाली. त्यातली एकोणीस माझी.

उड्डाणाच्या सकाळी धुकं गुडघ्याएवढं.
कप्तानाच्या वहीत सगळं होतं,
बिजागऱ्यांच्या खिळ्यांपासून स्वतःच्या बुटांपर्यंत,
तरी ते जनावर गवतावरून हलेना.
दोरखंड धरलेले शिपाई एकमेकांकडे बघत राहिले.
मी म्हटलं, "दोरा धरलात?"
त्यानं वही उलटी-सुलटी केली.
"चार किलो. द्रावण धरलं तर अकरा."
रिळं मोजलेली होती मी,
हरवलेल्या रिळाचे पैसे आमच्या पगारातून जायचे ना.

एक पिशवी खाली उतरवली.

मग ते गेलं.
तळ्यावर वाऱ्यानं पकडलं तेव्हा
कणा सांध्यासांध्यातून कुरकुरला, जरा झुकला,
आणि परत सरळ आला. नाक जागच्या जागी.
हे मला नेमेसियानं सांगितलं.
मी त्या पिशवीवर बसले होते,
ओल्या मोज्यांत,
सुईत उरलेला दोरा दातानं तोडत.