एका बंदाची पिशवी

मौलासाब तिगडोळींनी शिवली ती, किल्ल्याजवळच्या दुकानात,
ट्रकच्या ताडपत्रीची. हिरवी. आत अजून केळ्यांचा वास.
मी म्हटलं होतं, दोन बंद लावा, पाठीवर घेते.
ते म्हणाले, दोन बंदांची शाळेतली पोरं नेतात.
तू दारोदारी उतरवणार, परत चढवणार,
दिवसाला चाळीस वेळा?
हिला एकच. झटका दिलास की येते पुढे पोटाशी,
लुचायला आलेल्या रेडकासारखी.

महिनाभर तिनं मला छळलं.
ब्रेक दाबला की सरकायची, हँडलला धडकायची,
गोगटे सर्कलला एकदा मला घेऊनच पडली.
मग त्यांनी काखेखालून बारीक पट्टा दिला,
कुणाच्या तरी फुटक्या हेल्मेटचं बकल लावून.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, चूक माझी.

आत दात असतात.
टिळकवाडीतल्या चार दवाखान्यांतून उचलते,
शहापुरात कंग्राळकरांच्या लॅबमध्ये पोचवते:
प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या हिरड्या,
डब्यावर नंबर, नंबराखाली वरचा का खालचा.
बाजूच्या कप्प्यात पंप, सोल्युशन, सँडपेपरचा तुकडा,
भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
आईच्या बीपीच्या गोळ्या,
कन्नडमधला रेशनचा फॉर्म, भरायचा राहिलेला,
कधी साहेबांच्या पाहुण्यांसाठी अर्धा किलो कुंदा
आणि तळाच्या शिवणीत एक चिंचोका.
गेल्या उन्हाळ्यापासून आहे. निघत नाही.

दुसऱ्या गेटला फाटक पडतं.
पाय टेकून उभी राहते मी,
पाठीवर एकवीस जणांचं जेवण अडलेलं.
गाडी धडधडत जाते
आणि डब्यांत दात वाजतात, थंडी नसताना.

एक नोव्हेंबरला
एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे, दुसऱ्यावर काळ्या फिती,
मध्ये बॅरिकेड.
दवाखाने उघडे. दाढ काही तारीख बघून दुखत नाही.
हवालदारानं हात केला. बॅग.
मी झटका दिला. आली पुढे.
त्यानं दोन बोटांनी झाकण उचललं, डबा उघडला,
आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.
यार हल्लरी इवु?
नन्नवल्लरी, म्हटलं. माझे नव्हेत.
पुढचं सांगायला हवं होतं, लॅब, पत्ता, नंबर म्हणजे काय,
पण माझं कन्नड बाजारापुरतं,
मेथी आणि टोमॅटोपर्यंत जाऊन थांबतं.
त्यानं एक जबडा उचलून उन्हात फिरवला.
मागची दाढ नव्हती, तिथल्या खड्ड्यात बोट ठेवलं,
मग तेच बोट स्वतःच्या गालात घालून
मला दाखवली जागा. डावी, खालची. तशीच.
एष्टु?
हे मला येत होतं. भावाचं होतं.
पण उत्तर मराठीतच आलं तोंडात:
तसं नसतंय हो, डॉक्टर बघून सांगतात.
त्याला कळलं,
किंवा नुसता जबडा परत ठेवायचा होता त्याला.
ठेवला मात्र नीट, कापसावर, आडवा.

तेव्हापासून डाव्या खालच्या दाढेचा डबा आला
की नंबर वाचून बघते.
नंबरावरून काय कळणार.

ब्लाउजचं माप घेताना सुमती टेप तशीच धरून राहते:
उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे की,
कोण वडूलालंय गं तुला एका अंगानं?
पिशवी समोर खिळ्याला. रिकामी. तिलाही एक बाजू खाली.

परवा मौलासाबांकडे गेले, बंदाची टीप उसवली होती.
गाल आत गेलेत त्यांचे, शब्द फुसकन निसटतात.
विचारलं, माझी कवळी झाली की
ह्याच पिशवीतनं येईल काय?
येईल की.
मग थांब, म्हणाले,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला
आणि दोरा दुहेरी केला.