अर्धा मग

आमच्या बेटाचं नाव लिहिताना टि, वाचताना स.
किरिटिमाटी लिहायचं, किरिस्मस म्हणायचं.
माझंच बघा: कागदावर तेरेटिया, हाक तेरेसिया.
पाहुणा विमानातून उतरला की हे पहिलं सांगायचं असं ठरवलंय,
म्हणजे त्याच्या ध्यानात राहील,
इथे दिसतं तसं नसतं.

सव्वीस वर्षं बापाने पाहुण्यांना उथळात फिरवलं.
जाताना ज्याने जे मागे टाकलं
ते घरामागच्या निळ्या पिंपात.
पहाटे चारला लंडनहून ट्रक निघेल
(लंडन आमचंच गाव, पोलंडही),
सुकतीला मी पहिल्यांदा एकटी गाइड.
म्हणून आज रात्री पिंप चटईवर उपडं.

बारा नंबरची छडी नको.
ती रीफच्या कडेला, दांडग्यांसाठी;
उथळात म्हणजे डास मारायला कुऱ्हाड.
सहाची वाऱ्यापुढे मान टाकते,
आणि इथला वारा पूर्वेचा, रविवारही न पाळणारा.
आठ नंबरची, मग.
चार तुकडे, त्यातला तिसरा दुसऱ्याच छडीचा, हिरवा,
पण बसतो,
सावत्र भाऊ घरात बसतो तसा.

एक दोर थंड देशातला.
तिकडच्या नदीत सरळ चालत असेल,
आमच्या उन्हात उकडलेल्या शेवया.
तो बाजूला. कपडे वाळत घालायला होईल.

रीळ तीन.
एक दिसायला राजा; फिरवलं की आत मीठ दळतं.
एकाचा ब्रेक कधी घट्ट, कधी सैल,
आणि इकारी पळाला की दोनशे यार्ड नेतो
एका श्वासात, न विचारता.
तिसरं खरचटलेलं, कुरूप, आतून झाकलेलं.
ते घेतलं. का, ते पुढे सांगते.

माशी टाकून मासा,
यात सगळा खेळ माशीच्या डोळ्यांचा.
घोट्याभर पाणी असेल तर साखळीच्या मण्यांचे, हलके.
गुडघाभर असेल तर शिशाचे.
उलट केलंत तर
डुबुक्,
आणि समोर नुसती वाळू.
मी तीन वाळूच्या रंगाच्या बांधल्या,
एक गुलाबी, उगाच.

चष्मे सहा. तांबडी काच, पिवळी काच,
एकाची दांडी मासेमारीच्याच दोऱ्याने बांधलेली.
एकेक लावून दिव्याकडे बघत होते
तेव्हा बाप अंधारातून म्हणाला
(त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरा पडदा चढलाय,
सव्वीस वर्षांच्या चकाकीचा):
मासा शोधू नकोस. तो काचेचाच असतो.
वाळूवर त्याची सावली चालते, ती बघ.
मग, थोड्या वेळाने:
तांबडी घे.

पक्कडीने गळाचा उलटा दात चपटा करताना
इओतेब्वा आला, भावोजी, खांद्यावर ओलं जाळं.
हसला.
एवढं सामान, आणि शेवटी सोडून द्यायचा?
मी म्हटलं, सोडलेला मासा पुन्हा पगार देतो.
हे वाक्य बापाचं; पाहुण्यांसमोर छान वाजतं.
आई नारळाच्या दुधात इकारी शिजवायची,
सुईसारखे काटे, आम्ही मोजत खायचो,
जास्त काटे निघाले तो जिंकला.
ते मी बोलले नाही.
दुसरा दात चपटा केला.

आता ते रीळ.
समुद्रातून आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावं लागतं,
रोज, नाहीतर आठवड्यात दगड.
पाऊस चार महिने नाही.
टाकीत वीतभर पाणी, त्यात आमची पाच तोंडं.
राजाला लागतो अख्खा तांब्या, आतपर्यंत,
ब्रेकवाल्याला त्याहून जास्त.
झाकलेल्या कुरूपाला
अर्धा मग पुरतो.

खाली पातेलं ठेवायचं.
निथळलेलं पाणी खारट होतं, पण फार नाही.
डुकराला चालतं.