शेवटचं काय बदललं?

मार्केट यार्डात शिरताना
आधी शिंक येते, मग दुकान दिसतं:
आदगोंडा मगदूम आणि मंडळी,
हळदीचे अडते, सांगली.

"नर्गिसताई, चालू हुतंय आन् परत मरतंय,"
जिनपाल मुनीम म्हणतात,
खतावणीवरून नजर न उचलता.
सौदे साडेअकराला. आत्ता दहा पाच.

बटण दाबते.
कंपनीची खूण. ठिपक्यांचं रिंगण,
एकामागे एक पळणारं.
मग निळं.
सबंध पिवळ्या दुकानात तेवढंच एक निळं,
त्यावर आडवं पडलेलं रडकं तोंड
आणि खाली माफी मागितल्यासारखं काहीतरी.
वाचून होईपर्यंत पुन्हा खूण, पुन्हा ठिपके.

"शेवटचं काय बदललं?"
"काय बी न्हाई."
सगळे हेच म्हणतात.
मिरजेच्या दवाखान्यांतही म्हणे
पोट धरून आलेला हेच म्हणतो.

आम्ही शिकलगार.
आजोबा सायकलवर दगडी चाक बांधून
गावभागात फिरायचे.
सुरीला त्यांनी कधी विचारलं नाही
तू काय कापलंस म्हणून.
धार गेली, धार लावली, आठ आणे.
मला विचारावं लागतं.
धंदा तेवढाच, बाकी नुसती बटणं.

आत शिरायची वाट सरळ नाही.
ठिपके फिरू लागले की बटण धरायचं दाबून,
दहा सेकंद,
चालत्याला पाडायचं.
पुन्हा उभं करायचं, पुन्हा पाडायचं.
तिसऱ्यांदा कुठे त्याला वाटतं
की आपलं काहीतरी चुकतंय,
आणि दुरुस्तीचं दार उघडतं.

सेफ मोड.
काळ्यावर चार कोपऱ्यांत चारदा तेच लिहिलेलं.
इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, आवाज नाही,
पेजेवर ठेवलेल्या आजाऱ्यासारखं.
पण बसलंय उठून.

नोंदी उघडते. लाल खुणा:
नऊ बावीस, नऊ सव्वीस, नऊ एकतीस.
त्यांच्या खाली, काल रात्री सात त्रेपन्न:
अपडेट बसलं.
"मुनीम, काल आठच्या सुमाराला दुकानात कोण होतं?"
बराच वेळ नुसता पंखा.
"त्यानं विचारलं ओ,
अपडेट करून बंद करू का.
एवढं नीट विचारलं, म्हणून हो म्हणलं.
न्हाई तर मला कोण विचारतंय."

चूक त्यांची नाही.
अपडेटचीही नाही म्हणा.
फाइल सापडली: काट्याच्या केबलचा ड्रायव्हर,
दोन हजार नऊचा.
इतकी वर्षं वजनाचा निरोप
काट्याकडून इकडे आणत होता बिनबोभाट.
नव्या कारभाराने ओळखपत्र मागितलं,
याच्याकडे कधीच नव्हतं.
तो उंबऱ्यात आडवा पडला
आणि आतलं सगळं खाली आलं.
ज्याने लिहिला, त्या विश्रामबागच्या पोराचा
नंबर अस्तित्वात नाही.

ड्रायव्हर काढला. केबल उपसली.
पुन्हा चालू.
शेठ, मुनीम, दोन हमाल,
चहाची किटली घेतलेला पोऱ्या,
सगळे ठिपके बघतायत.

शेठच्या नातीचा फोटो आला,
गालावर हिशेबाचं चित्र चिकटलेली.
कुणी काही बोललं नाही.
पोऱ्याने चहा ओतला.

"आन् काटा?"
"तो आता याच्याशी बोलणार नाही.
नवी केबल येईपर्यंत तुम्हीच बोला."

अपडेट पाच आठवडे थोपवलं.
त्याहून जास्त ते ऐकत नाही.
मुनिमांनी कॅलेंडरवर गोल केला,
अमावस्या तर नाही ना बघून.

सौदे उरकेपर्यंत थांबले,
ब्रशने कीबोर्डमधली हळद झटकत.
मग पोती काट्यावर चढली,
आणि हमाल हात तोंडाशी धरून ओरडला:
एकावन्न तीनशे!
एका बोटाने पाच शोधत,
मान वर न करता मुनीम ओरडले:
एकावन्न का बावन्न?