आठ कट्टे आणि तेरा सुट्या

नंबर लागला दोनशे तेरा.
अम्मा म्हणाली, आठ कट्टे आणि तेरा सुट्या.
तिला माणसं अशीच मोजता येतात,
पंचवीस-पंचवीस, दोऱ्यानं बांधून.

सोमवार मुद्दाम धरला होता.
नळ पाच दिवसांआड. मागं दोनदा
पाणी आणि सिव्हिल एकाच सकाळी आले
आणि आम्ही पाणी भरलं.
खोकला थांबतो गं, नळ थांबत नाही,
असं तीच म्हणाली,
आणि मग खोकत बसली
भरलेल्या पिंपाला टेकून.

योजनेच्या खिडकीतला माणूस कागद उलटत होता.
रेशनकार्डावर बालमणी, आधारावर बालामनी.
"दुसरी कुठंय?" म्हणाला, आणि हसला.
अम्मा माझ्या कानात:
हा आपल्या चेकरसारखाच की,
चांगल्या विड्यापण छाटात टाकणारा.

मग अंगठा.
अंगठा उठेना.
तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात.
मशीन म्हणतंय, पुन्हा.
नवव्या वर्षापासून पान वळून वळून
बोटांवरच्या रेघा गेल्यात तिच्या.
जाऊन जाऊन जाणार कुठं, विड्यांवरच गेल्या असतील,
आणि कुठल्या कुठल्या एसटी स्टँडवर
अनोळखी माणसांनी
एक एक करून पेटवल्या असतील.
"हात धुऊन या."
बाहेरच्या तोटीला पाणी नव्हतं.
मी टॉवेलनं पुसले, कारखान्यातला छाटाचा टॉवेल,
ज्याची कड मीच वाकडी शिवलेली.
पुन्हा.
शेवटी करंगळी उठली. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

एक्सरे निघाला, पण फिल्म संपलेली.
"मोबाईलवर फोटो काढून घ्या."
आमचा फोन बटणांचा.
मागं वळसंगचा एक जण होता, रेवणसिद्ध,
बापाचा सुजलेला पाय घेऊन आलेला.
त्यानं काढला.
मग आम्ही चौघं त्या एवढ्याशा काचेवर वाकलो.
बरगड्या मागावरच्या ताण्यासारख्या नीट ओढलेल्या,
आणि उजवीकडं खाली
तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची राहिल्यागत
काहीतरी पांढरं.
त्याचा बाप म्हणाला, असू दे, माझा पाय बघा.

डॉक्टरांच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाबारा.
पंखा चालू, खुर्ची रिकामी.
"गुरुवारी या. फोटो आणा."
रेवणसिद्धची गाडी सुटायची होती.
शेजारच्या पोराच्या नंबरवर पाठवतो म्हणाला,
नंबर हातावर लिहून घेतला
आणि बापाला त्याच हातानं धरून
रिक्षात चढवलं.

आज बुधवार. फोटो आलेला नाही.
उद्या गुरुवार, उद्या नळ.
अम्मा सुपात तंबाखू घेऊन बसलीय, कात्री मांडीखाली,
भिजवलेलं पान आजच संपवायचं, नाहीतर काळं पडतं.
म्हणते, माझी छाती वळसंगला पोचली बघ,
मी एवढ्या वर्षांत कधी गेले नाही.
मग बराच वेळ काही नाही, फक्त दोरा.
मग म्हणते,
त्या म्हाताऱ्याची सूज उतरली असंल का गं?

मी पिंपं विसळून
दाराजवळ ओळीनं ठेवते.
एक रिकामंच
तिच्याकडं सरकवते, टेकायला.