डावा पुढचा

डॉक्टर मांद्रेकरांनी एक्स-रे उजेडावर धरला
आणि पेनाच्या टोकाने दाखवलं : हे इथं, मग हे इथं.
मला कण्या सांडल्यासारखं काहीतरी दिसलं.
हाडं एकवेळ जुळतील, म्हणाले,
पण शीर मेली आहे, खांद्यापासून खाली.
मग नखाजवळ चिमटा लावला, करकचून.
सुंगट माझ्याकडे बघत राहिली,
शेपटी हलवत.

सुंगट म्हणजे कोळंबी.
फेरीबोटीवर दोरांच्या वेटोळ्यात
तशीच वळून झोपायची, म्हणून.
नाव एस्पेरान्सने ठेवलं,
पहिल्या फेरीला मासळीची पाटी घेऊन येते ती.
कुत्री कुणाचीच नव्हती.
रायबंदरला शिळा पाव, चोडणला बांगड्यांची डोकी,
मधल्या पाण्यात इंजिनाची ऊब,
एवढा तिचा संसार.

रॅम्प मी सोडला होता.
कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो.
चोडणची बाजू, सव्वासातची फेरी,
स्कूटरवाले आधीच हॉर्न देत होते,
ओहोटी होती, साखळी रोजच्यापेक्षा लांब गेली.
आधी लोखंडाचा आवाज आला.
तिचा नंतर.

इंजिनवाला फोंडू म्हणाला, इंजेक्शन देऊन मोकळं करा,
तीन पायांचं जनावर धक्क्यावर किती दिवस?
एस्पेरान्स म्हणाली, पाय ठेवा, मी मेणबत्ती लावते.
बायको भाकरी थापता थापता म्हणाली,
चारातला एक गेला तर तीन उरतात.
तुम्हाला दोनच आहेत, चाललंच आहे ना?
मला हसू आलं नाही.
आठ दिवस मी डॉक्टरांना म्हणत होतो, उद्या सांगतो.

शुक्रवारी कौल लावायला देवळात गेलो.
माझ्या पुढे लग्नाचं विचारणारी एक मुलगी,
तिच्या पुढे जमिनीची केस.
भटजींनी पाकळ्या ओल्या करून
देवीच्या अंगावर लावल्या.
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.
काय विचारायचं? म्हणाले.
आणि पाय तर डावाच.
मी उभा राहिलो, मागची माणसं खाकरली.
रॅम्प काही देवीने सोडला नव्हता.
नारळ ठेवला, नमस्कार केला,
चपला शोधत बाहेर आलो.

त्याच रात्री सुंगटने पट्टी फाडून पंजा चावला.
शेल्टरवरची रोझलिन सांगत होती,
रागाने नव्हे हो,
हाडूक चघळावं तशी, निवांत.
दोन बोटं अर्धी गेली होती.
दुखत असतं तर थांबली असती ती.

मी तिथंच कागद मागितला.
सहीखाली ‘मालक’ छापलेलं होतं.
खोडायला पेन टेकवलं,
मग तसंच राहू दिलं.
पायाचं पुढे काय करता? विचारलं,
तर डॉक्टरांनी चष्मा पुसला
आणि सकाळी साडेआठला या म्हणाले,
रात्री दहानंतर खायला देऊ नका.

संध्याकाळची ड्यूटी मी बदलून घेतली होती.
पिंजऱ्याजवळ बसलो तेव्हा दिसलं,
पुढच्या डाव्याच्या उरलेल्या बोटांच्या बेचक्यात
चोडणचा चिखल अजून होता,
खारफुटीतला, काळा, वाळून दगड झालेला.
कुणाच्या लक्षात आला नव्हता.
बादलीत कोमट पाणी घेतलं,
पट्टी भिजू नये म्हणून पंजा तेवढा तळहातावर धरला.
बर्फातल्या माशासारखा गार.
नखाखालचा चिखल काडीने काढला,
एक नख, मग दुसरं.
पाणी गढूळ झालं, बदललं, पुन्हा घेतलं.

रोझलिन दारात येऊन म्हणाली,
कशाला आता? सकाळी तर तो...
आणि थांबली.
थोड्या वेळाने
तिनेच टॉवेल आणून दिला.