तरी

रात्री पावणेदोनला मी फणसपोळी खाते.
उभ्यानंच, डब्यावर वाकून,
दिवा न लावता, फ्रीजच्या उजेडात.
फणसपोळीनंतर फरसाण, फरसाणानंतर
गार भात, त्यात तळाचं कालवण.
चव सांगता येणार नाही.
खाताना मी तिथं नसते.

मी असते हर्णैच्या बंदरावर, नोंदवहीत.
काम साधं आहे :
गेलेल्या होड्या एका रकान्यात,
आलेल्या दुसऱ्या.
वाऱ्याचा इशारा आला की दुसरा रकाना
सावकाश भरतो
आणि फोन घरी येतात.
"चोगलेबाय, आमची आली काय?"
माझ्या गालात घास. मी नुसतं हुं करते.
त्या हुंचा अर्थ लावत
पाजपंढरीत कुणीतरी उजाडेपर्यंत बसते.

दापोलीच्या दवाखान्यात वजन झालं, साखर झाली,
मग मला आत पाठवलं मुकादम मॅडमकडे.
त्यांनी पथ्याचा कागद दिला नाही.
विचारलं, "भूक पोटात लागते, की इथं?"
आणि माझीच दोन बोटं धरून
माझ्याच गळ्याखालच्या हाडावर ठोकली.
हलके. पावसाळी दारावर शेजारीण ठोकते तशी.
आधी तळहाताची कड, करंगळीच्या खाली,
मग भुवईची सुरुवात, डोळ्याची बाजू, डोळ्याखाली,
ओठावरची खाच, हनुवटी, ते हाड,
काखेखाली चार बोटं सोडून.
आणि ठोकताना म्हणायचं :
मला आत्ता खावंसं वाटतंय, जीव घाबरलाय,
तरी मी माझ्या बाजूची आहे.

मला हसू फुटलं.
"हसा," त्या म्हणाल्या, "पण 'तरी' गाळू नका."

यानं काय होतं, कसं होतं, मला ठाऊक नाही.
त्यांनीही काही शपथ घेतली नाही.
पण ठोकणं आमच्या घरातलंच.
बाबा होड्यांचे सुतार.
शाकारलेल्या होडीच्या पोटाशी उकिडवे बसून
फळीन् फळी टकटकत जायचे, कान लावून.
सागवान खणखणीत उत्तर द्यायचं
आणि मध्येच एका जागी : भद्द.
तिथं खडूची फुली.
कुजलीस का म्हणून होडीला
कधी विचारलं नाही त्यांनी.

परवा रात्री तेरा गेलेल्या, बारा आलेल्या.
चंडिकाप्रसाद नाही.
माझा हात झाकणावर होता. तोच वळवला.
भुवईशी काही नाही.
डोळ्याखाली काही नाही, नुसती झोप.
हनुवटीवर जरा बावळट वाटलं,
फ्रीज तेवढा बघत होता.
गळ्याखालच्या हाडावर : भद्द.

तिथून एक जुनं पान निघालं.
एका नावासमोरचा रकाना कोरा ठेवून
मी उलटलं होतं.
त्या रात्रीही काहीतरी खाल्लं होतं. काय, ते आठवत नाही.

तरी, म्हटलं. ठोकलं. तरी.
दाभोळची खाडी ओलांडायला लहानपणी तरीत बसायचो,
मधल्या पाण्यात हा काठ सुटलेला, तो आलेला नसायचा,
आणि आई म्हणायची, हलू नको.
तसं काहीतरी.

फोन वाजला.
"आली काय गो?"
तोंड रिकामं होतं. म्हणून म्हणता आलं,
"नाय अजून. मी पण जागीच आहे."
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग नाक ओढल्याचा आवाज, मग
"तू जेवलीस?"

दिवा लावला. पाट घेतला.
फणसपोळीचा एक तुकडा तोडला, तळहाताएवढा.
यंदा गूळ जास्त पडलाय.
आणि कडेला जरासा धुराचा वास आहे,
वाळत घातली तेव्हा शेजारी कुणाची तरी
चूल पेटली असणार.