पंधरा किलो

यादीतलं पहिलंच वाक्य: वजन खरं लिहा,
घोडा त्यावरून ठरतो.
एकोणपन्नास वर्षांत इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं.
बाळीवेशीतल्या अडत्याच्या काट्यावर
शेंगांच्या पोत्यांशेजारी उभी राहिले.
एकाहत्तर, चपलांसकट.
चपला वजा केल्या नाहीत,
घोडा काय वजा करणार आहे?

किर्गिझस्तान. नऊ दिवस, त्यातल्या सहा रात्री तंबूत.
बॅग मऊ हवी, चाकं नकोत, पंधरा किलोच्या आत;
ती दुसऱ्या घोड्यावर बांधतात
आणि कडक कोपरा त्याच्या बरगडीत रुततो.
लाल सूटकेस निमूट माळ्यावर गेली.

शास्त्रीनगरात दस्तगीरभाईंची बत्ताशी,
लग्नसराई उतरली की रिकामी.
"मॅडम, ही पळत नाही. नाचते."
खरंच. होटगी रोडला ट्रकनं हॉर्न दिला
की पुढचे पाय वाजवायला लागते, बॅन्ड आला समजून,
आणि वर मी,
हेल्मेटवाला नवरदेव, वरातीविना.
"आधी उतरायला शिका," ते म्हणाले,
"चढायला काय, नवरदेवपण चढतो."

पहाटे साडेपाचला. नंतर डांबर पेटतं.
रिकीब, लगाम, टाचा खाली, नजर कानांमधून पुढे.
रेनकोट घोड्यावर बसून घालू नका,
फडफडेल, खुळखुळेल असं काही जवळ नको:
म्हणून कडक भाकरीचा डबा गेला,
भाकऱ्या फडक्यात आल्या,
मोडतील तर मोडू देत,
चटणीला काय, चुराही चालतो.
आतून शिवण नसलेली पॅन्ट घ्या,
ही ओळ मला तिसऱ्या दिवशी कळली, जिना चढताना.
खालची ओळ, व्हॅसलीनची, त्याच रात्री.

स्लीपिंग बॅग उणे सातची.
बाहेर त्रेचाळीस, पंखा पाचवर,
चेन गळ्यापर्यंत ओढून मी चार मिनिटं पडून राहिले,
थंडी कशी असेल ते आठवत.
अम्मा दारात. "पिच्चिदानिवा?"
वेडीच असेन, अम्मा.
पण चेन आतून उघडते का, बघायला नको?

मग चादर.
नान्नांच्या मागावरची, मोराची,
कारखान्याला कुलूप लागायच्या आधीच्या महिन्यातली.
दोन किलो तीनशे.
घातली की काटा सतराच्या वर,
काढली की चौदा आठशे.
मोजे काढून पाहिले. चटणी काढून पाहिली, परत घातली.
रात्रभर चादर पलंगावर, बॅग जमिनीवर,
मी दोघींच्या मध्ये.

सकाळी ती शास्त्रीनगरात नेली.
बत्ताशीच्या पाठीवर, आरशांच्या खोगिराखाली,
एक जागा होती, केस गेलेली, रुपयाएवढी.
"असली चादर?" दस्तगीरभाई म्हणाले, "ही ठेवायची चीज."
ठेवतेच आहे की.

अम्मा रिक्षातून बघायला आली होती.
उतरली, घोडीला घाबरत घाबरत जवळ गेली,
घडीवरून हात फिरवला,
चाळीस वर्षं कांड्या भरलेला हात.
"काठाची शिवण कण्यावर आणलीस," म्हणाली,
"टोचेल तिला. फिरव."
फिरवली.
बत्ताशीनं सगळ्या अंगानं एकदा सुस्कारा सोडला,
की मला वाटलं तसं.

तिकडचे घोडे "चू" म्हटलं की निघतात,
असं शेवटच्या पानावर आहे.
दस्तगीरभाईंनी म्हणून पाहिलं, मग मी, मग अम्मानंही.
बत्ताशी आमच्याकडे बघत राहिली.

आज फॉर्म पाठवला.
रक्तगट, ॲलर्जी, विमा, कुणाला कळवायचं.
अनुभव या रकान्यात तीन चौकोन होते,
नवशिके, मध्यम, तरबेज.
तिन्ही सोडून शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
उतरता येतं.